उन्हातली वीज

भर उन्हात दिवा लावणारा माणूस अशी अमरापुरात यान नाउंगची ख्याती होती. तळ्यावरच्या लाकडी पुलाच्या तोंडाशी तो गळ्यात कॅमेरा अडकवून उभा असे. सूर्य कलला, पुलाच्या खांबांच्या सावल्या पाण्यावर लांबायला लागल्या की त्याची गिऱ्हाइकं सुरू होत. नवी जोडपी, मंडालेहून आलेली कुटुंबं, परीक्षा संपलेल्या मुलींचे घोळके. सगळ्यांना पाठीमागे पूल हवा, आणि पुलामागे बुडता सूर्यही हवा. तो त्यांना हवं तसं उभं करी, कॅमेरा डोळ्याला लावी, आणि बटण दाबलं की कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश लखकन चमकून जाई.

मग कुणीतरी हटकून विचारीच, की बाबा रे, एवढा सूर्य समोर असताना तुझ्या या काजव्याची गरज काय? यान नाउंगचं उत्तर ठरलेलं होतं. सूर्य पाठीशी असला की पाठ उजळते आणि तोंड काळं पडतं. मागचं सगळं सोन्याचं दिसतं, आणि ज्याच्यासाठी फोटो काढला तो माणूस कोळशाचा. म्हणून तोंडापुरता थोडा उजेड आपण आपल्या पदरचा घालायचा. पण थोडाच. कालवणात मीठ असतं तसा. खाणाऱ्याला कालवणाची चव लागली पाहिजे, मीठ लागता कामा नये. फोटो बघून कुणी म्हणालं, की वा, फ्लॅश छान आहे, तर समजायचं आपलं कालवण खारट झालं.

हे मिठाचं शहाणपण मुळात त्याचं नव्हतं, त्याच्या थोरल्या बहिणीचं होतं. मा ओन ची रेशीम विणायची. लाटांवर लाटा उठाव्यात तसल्या नक्षीचं, शेकड्यांनी धोटे हलवत विणायचं ते रेशीम. लहानपणी बांबूची काडी उडून तिचा उजवा डोळा गेला होता. सगळा संसार, माग आणि नक्षी तिनं डाव्या एका डोळ्यावर पेललं. गल्लीतल्या बायका म्हणत, ओन चीचा एक डोळा आपल्या दोघींच्या चारांना भारी आहे. आई-बाप लवकर गेल्यावर यान नाउंगला तिनंच कडेवर वागवलं. अजूनही ती त्याला मोंग म्हणे, म्हणजे धाकटा, आणि तो तिला अमा, म्हणजे ताई.

त्या उन्हाळ्यात तिच्या मुलाचं, फो लोनचं, शिनप्यू ठरलं होतं. मुलानं राजपुत्राच्या वेशात घोड्यावरून मिरवत निघायचं, आणि संध्याकाळच्या आत डोकं भादरून, चीवर नेसून श्रामणेर, म्हणजे बालभिक्खू, व्हायचं. सिद्धार्थानं केलं ते एका दिवसात करायचं. आईच्या जन्माचं पुण्य त्या दिवसात साठतं. मा ओन चीनं त्या दिवसासाठी दोन वर्षं आधीपासून रेशीम विणायला घेतलं होतं. मुलाची गुलाबी लुंगी आणि स्वतःची हिरवी. दुसऱ्यांसाठी विणून झालं की दिवसातला उरलासुरला वेळ या दोन कापडांचा. यात जीव कशासाठी घालतेस, विकत आण की, असं नवरा, को लून, म्हणाला तर ती म्हणे, लोक डोळे भरून बघतील, मला तर एकच भरायचाय. त्याला साजेसं काही नको का?

आमंत्रणाच्या पत्रिकेवर फोटो हवा म्हणून यान नाउंगनं तिघांना तळ्याकाठी नेलं. मुलगा, आई आणि बाप. आता तिघांचा फोटो काढत नाहीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक; तिघांतल्या मधल्याला तो बाधतो. म्हणून पुलाशी तळलेला भोपळा विकणाऱ्या दॉ पू म्हातारीला चौथी म्हणून उभं केलं. फोटो झाल्यावर पत्रिकेसाठी तिला कडेनं कापून टाकायचं ठरलं होतं. पण म्हातारी गालांना तनाख्याचा पिवळा लेप लावून, केसात फूल खोवून आली आणि को लूनच्या दंडाला धरून अशी उभी राहिली, की तिला कापायचं म्हणजे को लूनचा हात जाणार.

"राहू दे तिला," मा ओन ची म्हणाली. "निदान हसणारं कुणीतरी असेल. तुझे दाजी तर जप्तीला आल्यासारखे उभे आहेत."

सूर्य त्यांच्या पाठीमागे होता. यान नाउंगनं चवीपुरता फ्लॅश घातला. चार-पाच वेळा चमकला. अमानं डोळा चोळला आणि म्हणाली, तुझी वीज डोळ्यात राहिली रे. तो म्हणाला, जाईल आता. सगळ्यांची जाते.

तिची गेली नाही. दोन दिवसांनी तो तिच्याकडे जेवायला गेला तेव्हा ती मागावर बसून होती आणि मान मधेच डावीकडे वळवत होती. कोपऱ्यात चमकतं, म्हणाली. अंधार झाला की जास्त. तुझी वीज मागं लागलीय माझ्या. त्यानं तिला समजावलं, की फ्लॅशचा ठिपका डोळ्यापुढे राहतो तो घटकाभर. ती म्हणाली, तुम्ही कॅमेऱ्याच्या मागचे, तुम्हाला काय कळणार पुढच्यांचं? हसण्यावारी गेलं. पण त्याच्या मनात कुठेतरी खुपलं. खरंच फार जवळून उडवला होता का?

मग घुंगुरटी आली. म्हणजे तिला तसं वाटलं. धाग्यांवर बारीक काळी घुंगुरटी बसतात, म्हणून ती हातानं वारायची. हात फिरवला की ती उडत नसत, नजरेबरोबर सरकत. उन्हाळ्यात घुंगुरटी होतातच. तिनं मागाखाली कडुनिंबाचा धूर केला. गार केलेल्या चहाच्या पाण्यानं डोळा धुतला. दॉ पूनं येऊन निदान केलं, की हे सगळं त्या फ्लॅशचं. माशांना उजेड दाखवला तर तेसुद्धा आंधळे होऊन जाळ्यात येतात, मग बाईच्या एकुलत्या एका डोळ्याचं काय सांगावं. औषध सोपं होतं. फ्लॅशपासून लांब राहायचं, डोळ्याला विश्रांती द्यायची, आपोआप उतरेल. सगळ्यांना ते पटलं. यान नाउंगला सगळ्यांत आधी पटलं, कारण दोष आपला असला की माणसाला एक प्रकारचं बरं वाटतं. आपण थांबलो की थांबेल, असं वाटतं.

त्यानं बहिणीला शब्द दिला, की शिनप्यूच्या दिवशी तुझ्या आसपास फ्लॅश उडवणार नाही. ती म्हणाली, मग पोराचं तोंड? छत्रीखाली काळं येईल की. तो म्हणाला, बघू.

शिनप्यूचा दिवस लख्ख उजाडला. पहाटेपासून मोहिंग्याची, म्हणजे माशाच्या रश्शातल्या शेवयांची, पातेली रिकामी होत होती. घोडा नटून उभा होता, कपाळावर तुरा आणि पायात घुंगरू. फो लोन रेशमात, डोक्यावर मुकुट, गालांवर रंग, ओठ लाल. गुटगुटीत पोर एका रात्रीत राजपुत्र झालं होतं, आणि मुकुट टोचतो म्हणून तोंड वाकडं करत होतं. मागून त्याचा चुलता लांब दांड्याची सोनेरी छत्री धरून चालला होता. पुढे बाप भिक्षापात्र घेऊन, आणि आई तबकात घडी केलेलं चीवर डोक्यावर धरून.

यान नाउंग उलटा चालत फोटो काढत होता. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून पिशवीत टाकला होता. मोह नको म्हणून त्याच्या बॅटऱ्याही काढून लुंगीच्या कमरेच्या गाठीत बांधल्या होत्या. आणि व्हायचं तेच झालं. प्रत्येक फोटोत घोड्याचा तुरा लखलखत होता, छत्रीची किनार पेटल्यासारखी दिसत होती, आणि मधे जिथे राजपुत्र असायला हवा तिथे अंधाराचा एक गोळा होता. त्यानं छत्री जरा मागे घ्यायला सांगितली. चुलता म्हणाला, राजाच्या डोक्यावरचं छत्र मागे घ्यायला तू कोण, प्रधान का? यान नाउंगनं कॅमेऱ्यात खटपटी करून पाहिल्या. पोराचं तोंड उजळलं की आकाश जळून पांढरं पडे. अमा तबक सावरत शेजारून गेली आणि हळूच म्हणाली, "तोंड दिसतंय का रे त्याचं?" तो म्हणाला, दिसतंय.

मिरवणूक मांडवात आली. पुठ्ठ्याचे सोनेरी खांब लावून राजवाडा उभा केला होता. मुलगा मधल्या आसनावर, आई-बाप दोन्ही बाजूंना. मांडवाची डावी बाजू उघडी होती. तिथून ताडाची झाडं आणि सावलीत बांधलेला घोडा दिसत होता. आणि मग सयाजी उठले.

सयाजी म्हणजे ऊ सेइन. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं. शिनप्यूच्या मांडवात उभं राहायचं आणि मुलाला आईचं ऋण गाऊन सांगायचं. अंगानं काटकुळे, पण गळा असा, की पहिला स्वर लावताच जेवणाच्या पंगतीतले हात थांबत. गोल मांडलेल्या ढोलांत बसलेला वादक त्यांचा शब्द संपायच्या आत ताल ओळखून पुढे धावे, सनई मागून हुंदका देई. सयाजी विनोदानं सुरुवात करीत. राजपुत्राला मुकुट टोचतोय, म्हणाले, बरोबर आहे, सिद्धार्थालाही टोचला होता, म्हणून तर त्यानं काढून ठेवला. लोक हसले. त्या हसण्यातच त्यांनी स्वर खाली आणला. ज्यांनी त्यांना आधी ऐकलं होतं त्यांनी पदर आणि रुमाल हाताशी घेतले.

ते गाऊ लागले. "अंधारात होतास, राजा, आईच्या पोटी, तो अंधार उबेचा होता. तिनं तुला उजेडात ठेवलं आणि आपण कळांच्या सावलीत पडून राहिली. आता तू उजेड शोधायला निघालास. सापडेल तो एकटा पिऊ नकोस. ओंजळभर तिच्यासाठी ठेव."

बायका रडायला लागल्या. दॉ पू तर मोठ्यानं रडत होती. तिचा मुलगा कित्येक वर्षं समुद्रावर होता. असं गाणं कानावर पडलं की यान नाउंगला नेहमी वाटे, मनातला गाळ खाली बसून पाणी निवळतंय. त्यानं बहिणीचा फोटो घ्यायचा म्हणून गुडघे टेकून पुढे सरकून पाहिलं. तिचाही गाल ओला होता. पण ती मुलाकडे बघायला मान फारच डावीकडे वळवत होती, जवळजवळ खांद्यावर नेत होती.

तो शेजारी आला तशी ती ओठांतल्या ओठांत म्हणाली, "मोंग, शब्द दिला होतास ना? सकाळपासून बाजूनं उडवतोयस. असू दे, आज बोलत नाही तुला. पण हा इकडचा पडदा कुणी सोडला? तेवढा बांधायला सांग. मधे येतोय."

त्यानं डावीकडे बघितलं. ताडाची झाडं. घोडा शेपटीनं माशा वारत होता.

"कुठला पडदा, अमा?"

"अरे हा काय. काळा."

शिनप्यूच्या मांडवाला काळं कापड कोण लावेल? त्याचा हात आपोआप कमरेच्या गाठीकडे गेला. बॅटऱ्या होत्या तिथेच होत्या. मंगल कार्यात खोटं बोलून वेळ निभावता आली असती. पण पायाखालची जमीन सरकलेली असताना माणसाला खोटं सुचत नाही.

"मी उडवलाच नाही," तो म्हणाला. "आज एकदाही नाही. फ्लॅश पिशवीत आहे."

सयाजी वरच्या स्वरात गेले होते. ढोल घुमत होते. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "मग कोण उडवतंय?"

तळ्याकाठचा तो दिवस, मागावरचं मान वळवणं, धुरानं न उडालेली घुंगुरटी, सगळं एका दोऱ्यात ओवलं जात होतं आणि त्या दोऱ्याचं टोक त्याला धरवत नव्हतं. तो म्हणाला, आत्ताच्या आत्ता मंडालेला जाऊ, डोळ्यांच्या इस्पितळात, मी गाडी बघतो. त्यानं को लूनच्या कानातही सांगितलं. को लून भिक्षापात्र मांडीवर घेऊन बसला होता. त्याचा चेहरा उतरला. तो उठायलाच निघाला होता, सगळं थांबवतो म्हणून, तर मा ओन चीनं न बघता हात लांब करून नेमकी त्याची लुंगी पकडली आणि त्याला खाली बसवलं.

मठाचे प्रमुख, महास्थविर, तिकडे वाट बघत होते. मुहूर्त ठरलेला होता. आलेली माणसं, जेवलेली माणसं, जेवायची माणसं. आणि मुलाचे केस झेलायचं पांढरं कापड आईशिवाय धरणार कोण? हे सगळं तिनं काही बोलून दाखवलं नाही. तिनं एवढंच म्हटलं, "डोळा भरून बघेन म्हणाले होते. अजून अर्धा आहे. अर्धा भरून बघते, मग ने तू मला कुठं न्यायचं तिथं."

दोन मोठी माणसं तिच्यापुढे बसून राहिली. एकाच्या हातात पात्र, एकाच्या हातात कॅमेरा. काय करायचं ते दोघांना कळत होतं, आणि दोघांपैकी एकाच्यानंही ते झालं नाही.

मठाच्या अंगणात, विहिरीशेजारी मुलाला खाली बसवलं. मुकुट उतरला, रेशीम उतरलं. आई-बापांनी त्याच्यापुढे पांढरंशुभ्र कापड चार टोकांना ताणून धरलं, केस जमिनीवर पडू नयेत म्हणून. भिक्खूंनी वस्तरा फिरवायला सुरुवात केली. ऊन माथ्यावर होतं. असल्या उन्हात डोळ्यांच्या खोबणीत, हनुवटीखाली काळ्या सावल्या पडतात. इथेच फ्लॅशची खरी गरज. यान नाउंगनं कॅमेरा लावला आणि तो थबकला. सावली नव्हतीच. ऊन त्या ताणलेल्या कापडावर पडून मऊ होऊन वर येत होतं आणि मुलाच्या चेहऱ्यावर खालून पसरत होतं. हनुवटी, गाल, पापण्यांच्या आतल्या कडा, सगळं उजळलं होतं. कुठलाच फ्लॅश इतका नेमका घालता येत नाही. त्या पोराचं तोंड त्याच्या आईनं उजळलं होतं, आणि ती मान इकडे तिकडे फिरवत ते शोधत होती.

"मोंग," ती म्हणाली. "लाव तुझी वीज."

तो म्हणाला, नको, अमा. गरज नाही. उजेड भरपूर आहे.

"तुझ्या फोटोला असेल. मला कमी पडतोय. आहे तेवढा सगळा टाक त्याच्यावर."

दिलेला शब्द तिनंच परत घेतला होता. त्यानं गाठ सोडली. बॅटऱ्या घालताना एक पालथी पडली, पुन्हा घातली. त्यानं फ्लॅश होता तेवढ्या जोरावर नेला. उभ्या जन्मात उन्हात इतका उजेड त्यानं कुणाच्या तोंडावर टाकला नव्हता. मग तिच्या खांद्याला खांदा लावून, तिच्या नजरेच्या रेषेत बसून त्यानं बटण दाबलं. पोराचे डोळे मिटले. त्यानं पुन्हा दाबलं. फ्लॅश पुन्हा भरेपर्यंत बारीक शिट्टी वाजत राही, तेवढा वेळ सगळे थांबत, वस्तराही थांबे. तिसऱ्यांदा दाबल्यावर त्यानं विचारलं, दिसला का.

ती म्हणाली, "बोलू नको." आणि कापडाचं टोक घट्ट धरून पुढे झुकून राहिली. केसांचे पुंजके कापडावर पडत राहिले. तिला दिसला की नाही हे त्याला तेव्हा कळलं नाही, आणि नंतर कधी विचारवलं नाही.

दिवस कलायच्या आत ते मंडालेत होते. डॉक्टरीणबाई तरुण होती, शांत होती. तिनं डोळ्यात थेंब घातले, दिव्यानं खूप वेळ आत पाहिलं आणि सांगितलं, की डोळ्याचा पडदा सुटलाय. सुटण्याआधी आत विजा चमकतात, काळे ठिपके फिरतात. लोकांना वाटतं, बाहेर काहीतरी चमकलं. मग तिनं विचारलं, विजा कधीपासून दिसताहेत?

मा ओन ची म्हणाली, "यानं तळ्यावर फोटो काढला तेव्हापासून." आणि लगेच भावाच्या बाजूला तोंड करून म्हणाली, "तसं नव्हे रे. दिवस लक्षात राहावा म्हणून सांगितलं."

डॉक्टरीणबाईनं स्पष्टच सांगितलं, की फ्लॅशनं असं होत नाही. दोष कॅमेऱ्याचा नाही. हे ऐकून यान नाउंगचं ओझं उतरायला हवं होतं. उलट ते वाढलं. दोष आपला समजून तो निवांत राहिला होता. त्याचा फ्लॅश त्या दिवशी चमकला नसता, तर तिनं आतल्या विजेला वीज म्हटलं असतं, आणि कुणीतरी म्हणालं असतं, चल, दाखवून येऊ. त्याच्या उजेडाआड तो दुसरा उजेड लपून बसला. त्यानं बाईला विचारलं, तेव्हाच आणलं असतं तर? बाईनं चष्मा पुसला आणि म्हणाली, आता आजचं बोलू या.

शस्त्रक्रिया झाली. नंतर तिला पालथं, तोंड खाली करून पडून राहायचं होतं, म्हणजे पडदा जागेवर बसेल. ती म्हणे, एवढा वेळ बुद्धापुढे डोकं टेकवलं असतं तर एव्हाना निर्वाण मिळालं असतं. को लून रोज डबा आणायचा आणि पलंगाखाली बसून, वर बघत तिच्याशी बोलायचा. ती विचारी, पोरानं चीवर उतरवलं का? नाही उतरवलं. सुट्टी होती, आणि आई घरी येईपर्यंत मठातच राहतो असं त्यानं महास्थविरांना सांगितलं होतं.

पट्टी निघाली. पडदा बसला नव्हता. पुन्हा एकदा प्रयत्न झाला, आणि तोही फसला. दिवस आणि रात्र तेवढी कळायची. खिडकी कुठे आहे ते कळायचं, खिडकीत कोण आहे ते नाही.

घरी आल्यावर तिनं मागाला हात लावून पाहिला, धोटे जागेवर आहेत का ते चाचपलं, आणि मग भावाला विचारलं, मठातले ते फोटो कसे आले? त्यानं खरं सांगितलं. फार पांढरे आले. नाक-डोळे पुसून गेलेत. नुसत्या भुवया दिसतात आणि कपाळावर पाण्याचा एक थेंब.

"मीठ जास्त पडलं," ती म्हणाली.

"हो, अमा."

"असू दे. ठेव एक माझ्यापाशी."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिक्खूंची रांग भिक्षेला गल्लीत येणार होती. मा ओन ची अंघोळ करून, हिरवी रेशमी लुंगी नेसून भाताचं भांडं घेऊन दारात उभी राहिली. यान नाउंग तिच्या शेजारी. कॅमेरा गळ्यात होता, सवयीनं. घंटा वाजवत पुढचा माणूस गेला. मोठे भिक्खू आले. तिनं पळीनं भात वाढला. त्यांची पात्रं मोठी, हात स्थिर, चुकायचं काही कारण नव्हतं. मग रांगेच्या शेवटी लहानांची पावलं आली, आणि एक जोडी थांबली.

तिनं आधी खाली बसून त्याला नमस्कार केला. चीवर अंगावर असलं की आईनंही मुलाला वाकायचं. मग उठली, पळी भरली आणि पुढे केली. पळी पात्राच्या बाहेर गेली. थोडा भात धुळीत पडला. तिनं पुन्हा नेम धरला, तो दुसऱ्या बाजूला गेला. मुलाचा हात हलला आणि तिथेच थांबला. चीवर अंगावर असताना बाईला, मग ती आई का असेना, हात लावायचा नाही. बोलायचं नाही. तो आईच्या हातापासून वीतभर अंतरावर उभा होता आणि त्याला तो हात धरता येत नव्हता. त्याच्या नाकपुड्या थरथरत होत्या. मग त्यानं एवढंच केलं, की दोन्ही हातांनी पात्र धरून पळी जाईल तिकडे तो ते सरकवू लागला. ती डावीकडे गेली, पात्र डावीकडे. ती उंच गेली, तो टाचा उचलून उभा राहिला. शेवटी पळीचा तळ काठाला लागला आणि टण् असा बारीक आवाज झाला.

"हं," ती म्हणाली, आणि भात पात्रात पडला.

रांग पुढे निघाली. तो मागे वळून बघू शकत नव्हता. यान नाउंगनं बहिणीचं मनगट धरलं. सूर्य गल्लीच्या त्या टोकाला नुकता वर आला होता आणि ती सगळी पोरं त्याच्या दिशेनंच चालली होती.

"उजेड कुठून येतोय रे?" तिनं विचारलं. "इकडून वाटतोय."

"समोरून. त्यांच्या पुढून."

"परत येताना त्यांच्या पाठीशी असेल मग."

"असेल."

ती जागची हलली नाही. गल्लीच्या टोकाला वळसा घालून रांग परतायला लागली, आणि पावलं पुन्हा ऐकू यायला लागली तशी तिनं मान वर केली. "कसा दिसतोय?"

त्यानं डोळे बारीक करून पाहिलं. ऊन थेट डोळ्यांवर येत होतं. चीवरांच्या कडा पेटल्यासारख्या दिसत होत्या, आणि मधे लहान लहान काळ्या आकृत्या. कुठली कुणाची, ते त्याला ओळखू येईना.

"काळा," तो म्हणाला. "तोंड दिसत नाही, अमा."

"म्हणजे माझ्यासारखंच दिसतंय तुला," ती म्हणाली. मग म्हणाली, "लाव की तुझी वीज."

फ्लॅश घरात, पिशवीत होता. आणायला जायचं तर तिचं मनगट सोडावं लागलं असतं. तो तसाच उभा राहिला. पावलं जवळ आली, समोरून गेली, आणि त्यांतली कुठली फो लोनची ते दोघंही कान देऊन ऐकत राहिले.